विनापरवाना धुतलेला चष्मा

आमच्या कार्यालयात एकूण एकोणीस कर्मचारी असून त्यांपैकी सोळा जणांना चष्मा आहे. उरलेल्या तिघांनाही आहे, पण ते लावत नाहीत. एकीचं लग्न ठरायचं आहे, एकाला आपण अजून तरुण असल्याचा भास होतो, आणि तिसरा मागच्या महिन्यात स्वतःच्याच चष्म्यावर बसला. हे सगळं मी आकड्यांसह सांगतो आहे, कारण मी इथला मुख्य लिपिक आहे आणि मोघम बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे.

आता चष्मा म्हटला की पुसणं आलं. कोणी शर्टाच्या टोकाने पुसतो, कोणी ओढणीने, कोणी ज्यात नुकतंच नाक शिंकरलं त्याच रुमालाने, तर कोणी भिंगावर 'हाऽऽ' करून ते फायलीच्या पुठ्ठ्यावर घासतो. चष्म्याच्या दुकानात मिळालेलं मऊ फडकं प्रत्येकाकडे आहे, पण ते मळू नये म्हणून सगळ्यांनी डबीत जपून ठेवलं आहे. या एकाही पद्धतीने मळ जात नाही. मधला कडेला जातो, कडेचा मधे येतो. म्हणजे मळाची बदली होते, बडतर्फी होत नाही. आणि कार्यालयीन नियमांना धरूनच आहे ते.

आमचं खातं पाण्याच्या टाक्या तपासतं. शाळा, दवाखाने, वसतिगृहं, कचेऱ्या, जिथे जिथे गच्चीवर टाकी आहे आणि खाली लोक पाणी पितात तिथे आमचा निरीक्षक शिडी लावून वर चढतो, झाकण उघडून आत बघतो आणि शंभरपैकी गुण देतो. टाकी धुण्याचं काम आमचं नव्हे. त्याला दुसरं खातं आहे. साठच्या खाली गुण मिळालेली टाकी आम्ही त्यांना कळवायची आणि मग त्यांनी ती धुवायची, अशी व्यवस्था. अकरा वर्षांत आम्ही त्यांना एकही टाकी कळवली नाही. ते खातं आमच्यावर अतिशय खूश असे.

याचं श्रेय आमच्या निरीक्षकांना. त्यांना सगळे शहाण्णवकाका म्हणत, कारण त्यांनी कोणत्याही टाकीला शहाण्णवच्या खाली गुण दिले नव्हते आणि शहाण्णवच्या वरही दिले नव्हते. चार गुण का कापता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कितीही झालं तरी टाकी आहे हो ती, देव नाही." माणूस सरळ. लाच घेणार नाही, खोटं बोलणार नाही, शिडीची एक पायरी चुकवणार नाही. प्रत्येक टाकीपर्यंत स्वतः चढायचे, झाकण उघडायचे, बॅटरी मारून आत बघायचे आणि जे दिसेल तेच लिहायचे. आता त्यांना जे दिसायचं ते त्यांच्या चष्म्यातून दिसायचं, आणि तो चष्मा अकरा वर्षं शर्टाच्या टोकाने पुसलेला होता. वर घाम, वर केसांचं तेल, वर टाकीतून येणारी वाफ. त्यांना आत एक मऊ, दुधाळ उजेड दिसे. ते समाधानाने झाकण लावून खाली उतरत.

आणि मग त्यांच्या नातीने घोळ घातला.

नात आठ वर्षांची, तिसरीत. शाळेतून गृहपाठ मिळाला होता, 'घरातल्या वडीलधाऱ्यांची एक वस्तू स्वच्छ करा व त्यावर पाच ओळी लिहा.' पोरीने आजोबांचा चष्मा उचलला. कोमट पाणी घेतलं, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला, बोटांनी दोन्ही बाजूंनी हलकेच चोळला, नाकावरच्या त्या दोन पॅडांच्या खाचेतला हिरवट थर टूथब्रशने काढला, झटकला आणि जुन्या धुतलेल्या सुती कपड्याने टिपून घेतला. म्हणजे बघा, खात्यातल्या एकाही माणसाला जे अकरा वर्षांत सुचलं नाही ते त्या चिमुरडीने चार मिनिटांत केलं. अशी मुलं पुढे कुठेच टिकत नाहीत.

काकांनी चष्मा घातला आणि इकडेतिकडे बघितलं. मग त्यांना पंख्यावरची धूळ दिसली. मग भिंतीवरचा ओलीचा डाग दिसला, जो त्यांना इतकी वर्षं रंगाचा नमुना वाटत होता. मग बायको समोर आली. तिच्याकडे नीट बघून ते कळवळून म्हणाले, "अगं, किती म्हातारी झालीस तू!" दोन दिवस घरात चहा झाला नाही. खरं तर तिथेच त्यांनी धडा घ्यायला हवा होता. स्वच्छ चष्मा संसाराला चालत नाही, तो खात्याला काय चालणार?

तिसऱ्या दिवशी नेमकी नातीच्याच शाळेची सहामाही तपासणी होती. शाळा नावाजलेली. फाटकावर 'उत्तम पेयजल विद्यालय' असा आमच्याच खात्याने दिलेला बोर्ड. मुख्याध्यापिकाबाईंनी नेहमीप्रमाणे चहा-बिस्किटं मागवली होती आणि तपासणीचा तक्ताही भरून ठेवला होता, शहाण्णव लिहून. फक्त सही बाकी. काका म्हणाले, "आधी वर जाऊन येतो." बाई म्हणाल्या, "जा की, तोवर चहा निवेल जरा. गरम चहाने तुमचा चष्मा धुरकटतो, माहीत आहे मला."

काका वर गेले. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी काका खाली येईनात. अर्ध्या तासाने आले ते कठड्याला धरून. खुर्चीत बसले. तक्त्यावरचा शहाण्णव खोडला आणि सतरा लिहिला.

"सतरा?" बाईंना वाटलं तारीख वगैरे काहीतरी असेल.

"सतरा गुण. झाकण आहे, त्याचे सात. पाणी आहे, त्याचे दहा. बाकी सगळ्या रकान्यांना शून्य. तळाला वीतभर गाळ आहे बाई. भिंतींना शेवाळाच्या दाढ्या आल्यात. आणि एक कबूतर आहे."

"टाकीवर?"

"टाकीत."

"अहो मग हाकला ना त्याला!"

"ते हाकलण्याच्या पलीकडे गेलंय," काका म्हणाले. "बाई, माझी नात हेच पाणी पिते. तिसरी ब. आज मधल्या सुट्टीच्या आत नळ बंद करा. पाया पडतो."

बाईंनी नळ बंद केला नाही. त्यांनी आमच्या साहेबांना फोन केला.

आमच्या साहेबांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. त्यांचा चष्मा फार किमती, वरचं भिंग लांबचं आणि खालचं जवळचं. पण साहेब चष्म्यातून कधीच बघत नाहीत. माणसाकडे चष्म्याच्या वरून बघतात आणि कागदाकडे चष्म्याच्या खालून. मधल्या काचेचा उपयोग फक्त त्यांच्याकडे बघणाऱ्याला होतो, त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. काकांना केबिनमध्ये उभं केलं, मी टिपणवही घेऊन शेजारी.

"टाकी तीच?" साहेब म्हणाले.

"तीच साहेब."

"मागच्या खेपेला शहाण्णव, यंदा सतरा. सहा महिन्यांत टाकी एवढी घाण होते?"

"नाही साहेब. तो गाळ काही वर्षांचा आहे. आधीपासूनच असणार."

"म्हणजे टाकी बदललेली नाही. माणूसही तोच. मग बदललं काय?"

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, माफ करा साहेब, हात चुकला. पण सरळ माणसाला गप्प राहायची अक्कल कुठे? काका म्हणाले, "चष्मा धुतला साहेब."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "कोणाच्या परवानगीने?"

तुम्हाला हा प्रश्न हास्यास्पद वाटला असेल, कारण तुम्हाला नियम माहीत नाहीत. चष्म्याला खातं भत्ता देतं. भत्ता दिलेली वस्तू खात्याच्या उपकरणांत मोडते. काकांचा चष्मा जडसंग्रह वहीत पान बेचाळीसवर नोंदलेला आहे, शिडीच्या खाली आणि बॅटरीच्या वर. आणि खात्याच्या उपकरणाच्या स्थितीत लेखी मंजुरीशिवाय फेरफार करता येत नाही, हे शिडीला लागू असेल तर चष्म्याला का नाही? मी हे वही उघडून दाखवलं तेव्हा साहेबांच्या डोळ्यांत मला प्रथमच माझ्याविषयी आदर दिसला. अर्थात चष्म्याच्या वरून.

शिवाय प्रश्न एका टाकीचा नव्हता. धुतलेल्या चष्म्याचे सतरा खरे मानले तर न धुतलेल्या चष्म्याचे अकरा वर्षांचे सगळे शहाण्णव खोटे ठरतात. मग त्या बोर्डांचं काय, साहेबांना मिळालेल्या मानचिन्हाचं काय, आणि इतकी वर्षं ते पाणी पिऊन जिवंत राहिलेल्या लोकांचं काय? त्यांचा केवढा अपमान! एका घाण टाकीसाठी साडेसातशे स्वच्छ टाक्या घाण करायच्या का, असा साहेबांनी सवाल केला. बिनतोड सवाल होता.

त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. समितीने आधी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, 'डोळे ठीक. चष्म्याचा नंबर ठीक. आजवर यांना कसं दिसत होतं याचं आश्चर्य वाटतं.' समितीने शेरा मारला की ज्याअर्थी डॉक्टर आश्चर्य व्यक्त करतात त्याअर्थी त्यांना खात्री नाही. अहवाल फेटाळला. निष्कर्ष असा निघाला की उपकरण पूर्वस्थितीत आणून फेरतपासणी करावी.

पण पूर्वस्थिती म्हणजे किती मळ? इथे समिती अडली. एक सदस्य म्हणाले, अंदाजे लावू. मी म्हणालो, अंदाजे काही करायचं असेल तर कार्यालय कशाला, घर काय वाईट होतं? मग मी स्वतः बसून 'मानक धूसरता' ठरवली. पद्धत सोपी आहे. चष्मा भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून हातभर अंतरावर धरायचा. त्यातून लाल आकड्यांच्या सुट्ट्या दिसल्या पाहिजेत आणि काळ्या आकड्यांचे कामाचे दिवस दिसता कामा नयेत. एवढं साधलं की चष्मा शासकीय कामास योग्य. परिपत्रक निघालं. रोज सकाळी दहा वाजता हजेरी कारकुनाने कँटीनमधल्या तळणीच्या तेलात अंगठा बुडवून आधी डाव्या आणि मग उजव्या भिंगावर फिरवायचा, आणि नोंदवहीत सही घ्यायची. लोक म्हणतात डोळ्यांत तेल घालून काम करा. आम्ही ते चष्म्यावर घातलं, कारण डोळ्यांना भत्ता नाही.

फेरतपासणीच्या दिवशी आम्ही सगळे शाळेत गेलो. साहेब, समिती, मी. काकांचा चष्मा दिनदर्शिकेवर तपासून, अंगठा उमटवून त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांना शिडीही दिसेना. दोघांनी हात धरून पहिल्या पायरीवर नेऊन सोडलं.

"भाऊ," ते हळूच मला म्हणाले. एरवी ते मला साहेबांसमोर अहोजाहो करतात. "नात रोज रात्री पोट दुखतं म्हणते. मला वाटायचं गृहपाठ टाळते आहे."

"काका, मग तर तुम्ही शहाण्णवच द्यायला हवेत," मी म्हणालो. "नातीची शाळा आहे. शाळेचं नाव ते तिचं नाव. सतरा गुणांच्या शाळेतली मुलगी म्हणून पुढे कोण विचारणार तिला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या दिशेने बघितलं. आणि चढले.

वर काय झालं ते आम्हाला खालून दिसलं. झाकण उघडलं. बॅटरी मारली. बराच वेळ वाकून राहिले. त्या चष्म्यातून त्यांना पुन्हा तोच मऊ, दुधाळ उजेड दिसत असणार, शहाण्णव गुण आपोआप समोर येऊन उभे राहिले असणार. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "झालं." आणि तेवढ्यात काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि टाकीत हात घातला.

ते खाली आले तेव्हा हात कोपराच्या वरपर्यंत हिरवा होता आणि मुठीत जे होतं ते त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर, तक्त्याच्या बरोबर मध्ये ठेवलं. बिस्किटांची बशी एका सदस्याने वेळेत उचलली.

"शी, शी, शी!" बाई उठून उभ्या राहिल्या. "काय आहे हे?"

"रंग, आकार, वजन सगळं बघून घ्या," काका म्हणाले. "चष्म्याने नाही दिसलं मला. हाताला लागलं."

वास सुटला होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, पण बुद्धीला लावला नाही. आमचे साहेब उगीच साहेब नाहीत.

"हे टाकीत होतं?"

"हो."

"आता टाकीत आहे?"

"आता कसं असेल? हे काय समोर आहे."

"म्हणजे या क्षणी टाकीत कबूतर नाही. लिहून घ्या," साहेब मला म्हणाले. "आणि तक्त्यातला रकाना वाचा."

मी वाचला. "'निरीक्षकाच्या दृष्टीस पडलेल्या बाबी.'"

"दृष्टीस. हातास नव्हे. दृष्टीस काय पडलं हो तुमच्या?"

"साहेब, तेल पडलं," काका म्हणाले.

"म्हणजे आक्षेपार्ह काही पडलं नाही. तेही लिहून घ्या. आणि आणखी एक. पिण्याच्या पाण्यात बिनदिक्कत अख्खा हात घालणारा हा माणूस आहे. या टाकीचं पाणी आता दूषित झालं असेल तर ते कोणामुळे, हे वेगळं सांगायला नको." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. काकांना जागच्या जागी ज्ञापन मिळालं.

पण काका सही करेनात. मी पेन पुढे केलं, समितीने समजावलं, साहेब तर चक्क 'काका' म्हणाले. नाही म्हणजे नाही. त्या शेवाळलेल्या हाताने त्यांनी पुन्हा सतराच लिहिला. म्हणाले, "माझी पेन्शन अडवा, बदली करा, काय वाटेल ते करा. टाकी धुवा. चार तासांचं काम आहे हो. चार तासांचं!" आणि एवढा साठीचा माणूस आमच्यासमोर रडायला लागला. मला सांगायला लाज वाटत नाही की मला त्यांचा राग आला. रडण्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

आता आली पंचाईत. निरीक्षकाच्या सहीशिवाय शहाण्णव होत नाहीत. सतरा मान्य करावे तर सगळा इतिहास कोसळतो. तेव्हा मार्ग बाईंनी काढला. नियमावलीत एक कलम आहे, 'निरीक्षकाचे मत व लाभार्थींचे मत यांत तफावत आढळल्यास बहुसंख्य लाभार्थींचे मत ग्राह्य धरावे.' पाणी पिणारे लाभार्थी म्हणजे मुलं. मुलांना मत नसतं, म्हणून पालक. बाईंनी शनिवारी पालकसभा बोलावली.

सभेला मी हजर होतो, कागद माझ्याकडेच होता. कागदावर दोनच ओळी होत्या, 'आम्ही खाली सही करणारे पालक शाळेच्या टाकीतील पाणी स्वतः पाहून ते उत्तम असल्याचे प्रमाणित करतो आणि शाळेची नाहक बदनामी करणाऱ्या निरीक्षकावर कारवाईची मागणी करतो.' बाईंनी भाषण केलं. बोर्ड उतरला तर श्रेणी उतरेल, श्रेणी उतरली तर धाकट्या भावंडांचे प्रवेश, मोठ्यांचे दाखले, सगळंच उतरेल. हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. मग मागच्या रांगेतून काका उठले. आजोबा म्हणून आले होते, त्यांना अडवता येईना.

"मी काहीच बोलत नाही," ते म्हणाले. "टाकी या हॉलच्या बरोबर डोक्यावर आहे. शिडी लावलेली आहे. झाकण मी उघडून ठेवलंय. पाच मिनिटं लागतात. वर चला, स्वतः बघा, आणि मग काय वाटेल ती सही करा."

हॉलमध्ये साडेतीनशे माणसं होती. कोणी हललं नाही. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले की त्यांचे गुडघे दुखतात. एका बाईंना उंचीवर चक्कर येते. एक जण म्हणाला, "बघायला हरकत नाही हो, पण माझा चष्मा घरी राहिलाय." हे निघायला आणि सगळ्यांना आठवायला एकच गाठ पडली. अरे हो, माझाही राहिला. माझा गाडीत आहे. माझा आहे इथे, पण वाचायचा आहे, टाकीचा नाही. काकांनी आपला चष्मा काढून पुढे धरला. "माझा घ्या. आज सकाळीच नातीने धुतलाय. जवळपास सगळ्यांना चालेल." तो हात पुढे धरून ते रांगेरांगेतून फिरले. लोक पाय आखडून त्यांना वाट करून देत होते.

त्यांच्या मागून मी कागद घेऊन फिरलो. मला कोणी वाट करून दिली नाही, उलट माझ्याच हातातून पेन ओढून घेत होते. "काय लिहिलंय हो यात? चष्मा नाही ना माझ्याकडे." मी म्हणे, शाळेच्या भल्याचं आहे. "मग ठीक. सही कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवा." मी बोट ठेवत गेलो. तीनशे बेचाळीस सह्या झाल्या, आणि एकही सही ओळ सोडून गेलेली नाही. चष्मा नसताना एवढी सरळ रेषा मी आयुष्यात पाहिली नव्हती.

शहाण्णव गुण बहुमताने कायम झाले. टाकी धुतली गेली नाही, कारण शहाण्णव गुणांची टाकी धुणं म्हणजे उधळपट्टी. काकांची बदली जुन्या कागदांच्या कोठीत झाली. तिथे दिवाच नाही, त्यामुळे चष्म्याचा भत्ताही बंद झाला. नवा निरीक्षक तरुण आहे, त्याला चष्मा नाही. त्याची दृष्टी इतकी उत्तम आहे की त्याला शिडी चढावी लागत नाही, तो रस्त्यावरूनच बघतो. नातीचं नाव काकांनी शाळेतून काढलं. त्या मुलीच्या पाच ओळींना बाईंनी शून्य दिलं होतं, शेरा होता, 'विषय भरकटला.'

या प्रकरणात माझं कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण तुम्ही मला मनातल्या मनात शिव्या घालत असाल तर एक गोष्ट सांगतो. तो सह्यांचा कागद माझ्या ताब्यात आहे. परवा निवांत वेळ मिळाला तेव्हा चष्मा साबणाने धुऊन मी सगळी नावं वाचली. तिसऱ्या पानावर, वरून सहावी सही तुमची आहे. निळी शाई, शेवटच्या अक्षराला ती नेहमीची शेपटी. घाईत होतात, मला आठवतं. बोट ठेवून दाखवा म्हणालात.

सोमवारी सकाळी मी फाटकाशी उभा होतो. पाणी उत्तम असल्याचं तीनशे बेचाळीस जणांनी प्रमाणित केलं होतं, आणि तीनशे बेचाळीस जणांची मुलं गळ्यात घरच्या पाण्याची बाटली अडकवून शाळेत शिरत होती. एकानेही दुसऱ्याकडे बघितलं नाही. तुम्हीही तुमच्या मुलाच्या गळ्यात पट्टा नीट केलात आणि त्याच्या कानात सांगितलंत, "हेच प्यायचं हं. नळाचं नाही." शहाणे आहात. पण बाटली अर्ध्या लिटरची आहे हो, आणि शाळा साडेपाच तासांची. मधल्या सुट्टीत तो मैदानावर धावून घामाघूम होऊन येतो, बाटली उलटी करून बघतो, हलवून बघतो, आणि मग इतर मुलांच्या मागे रांगेत उभा राहतो. आमच्या कार्यालयाच्या खिडकीतून तो नळ दिसतो.